बँकॉकची आषाढ पौर्णिमा आणि नागपूरच्या काकू

दिवस पहिला : बुधवार, 9 जुलै 2025

बँकॉकला चाललोय म्हटलं की लोक डोळे मिचकावतात. आमच्या बाबतीत त्यांची पंचाईत झाली, कारण आमच्याबरोबर काकू होत्या. काकू म्हणजे माझ्या नागपूरकर मित्राची आई. वय पंच्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे, आवाज खणखणीत. आषाढ पौर्णिमेला त्यांच्या विहारात वर्षावास सुरू होतो आणि पुढचे तीन महिने रोज 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चं वाचन चालतं. इतक्या वर्षांत त्यांनी पहिला दिवस कधी चुकवला नव्हता. यंदा म्हणाल्या, एक पौर्णिमा बुद्धाच्या देशात करायची. कोणता देश हे त्यांनी आमच्यावर सोडलं आणि आम्ही ते तिकिटाच्या दरावर सोडलं.

मी साताऱ्याचा. घरी गौरी-गणपती, खंडोबा, सगळं साग्रसंगीत. सोबत कशाला, तर मोकळा होतो म्हणून.

विमानतळावरून शहरात येताना मी पाट्या वाचण्याचा खेळ सुरू केला. थाई लिपी येत नाही, पण फोनमधलं ॲप अक्षरं उलगडून दाखवतं. बँकेला यांचा शब्द आहे 'थनाखान'. लिहिताना मात्र तो 'धनागार' असा लिहितात. टेलिफोन म्हणजे 'थोरसप', मुळात दूरशब्द. विद्यापीठ 'महाविथयालाय'. जुलै महिना 'करकडाखोम', म्हणजे कर्कट अधिक आगम, सूर्य कर्केत आला तो महिना. शहराला बँकॉक फक्त परदेशी माणसं म्हणतात, इथली माणसं म्हणतात 'क्रुंग थेप महानखोन'. थेप म्हणजे देव, नखोन म्हणजे नगर. आणि ही फक्त सुरुवात. पूर्ण नाव एखाद्या स्तोत्राइतकं लांब आहे, त्यात नवरत्नं येतात, अयोध्या येते, इंद्र येतो, विश्वकर्मा येतो. संस्कृत-पाली लिहायचं आणि थाई बोलायचं, असा यांचा मामला.

हॉटेलच्या पावतीवर साल होतं 2568. इथं बुद्धाच्या महापरिनिर्वाणापासून मोजतात, आपल्यापेक्षा 543 पुढे. मित्र म्हणाला, "म्हणजे घराचे हप्ते संपले असतील बे इथं."

हॉटेलच्या दाराशी, पार्किंगच्या कोपऱ्यात, खांबावर एक छोटं देऊळ होतं. आपल्याकडच्या कबुतरखान्याएवढं. आत मातीची बारकी माणसं, हत्ती, झेंडूची माळ आणि समोर लाल सरबताची बाटली, झाकण काढून, आत स्ट्रॉ घालून ठेवलेली. 'सान फ्रा फुम', फुम म्हणजे भूमी. या जागेचा जो मूळ मालक, त्याची जागा आपण बळकावली, म्हणून त्याला वेगळं घर आणि रोजचं सरबत. सातारकडच्या शेताच्या बांधावरचा म्हसोबा आठवला. त्याला स्ट्रॉ नसते, एवढंच.

काउंटरवरच्या पोरानं हसत सांगितलं की आज त्याचा शेवटचा दिवस, उद्यापासून सुट्टी. पावसाळ्याचे तीन महिने तो भिक्षू होणार होता. इथं हे नवलाचं नाही. सरकारी नोकरांना तर प्रव्रज्येसाठी 120 दिवसांपर्यंत भरपगारी रजा मिळते. चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, घेण्याआधी मुलाचं मुंडन होतं, पांढरे कपडे घालून त्याची मिरवणूक निघते, आणि तेवढ्या काळापुरतं त्याला 'नाक' म्हणतात. नाक म्हणजे नाग. एका नागानं माणसाचं रूप घेऊन संघात शिरकाव केला होता, त्याची ही आठवण. काकूंना हे समजावून सांगितलं. त्या त्या पोराकडे बघून म्हणाल्या, "नाग? मंग हा आमच्याच गावचा." बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूर का निवडलं, तर बुद्धाचा धम्म पसरवणारे नाग लोक त्या भूमीतले म्हणून, हे त्यांनीच भाषणात सांगितलं होतं. काकूंना ते पाठ आहे.

मुलगा भिक्षू झाला की आई त्याच्या चीवराचं टोक धरून स्वर्गात जाते, अशी इथली समजूत. ती ऐकून काकूंनी आपल्या मुलाकडे एक नजर टाकली. तो फोनमध्ये डोकं घालून बसला.

दिवस दुसरा : गुरुवार, 10 जुलै

पहाटे साडेपाचला काकू पांढरी साडी नेसून, निळ्या काठाची, तयार. गल्लीच्या तोंडाशी एक बाई टेबल मांडून बसली होती. भाताच्या पिशव्या, कालवणाच्या पिशव्या, फुग्यासारखी हवा भरून रबरबँड मारलेल्या, पाण्याची छोटी बाटली आणि एक मिटलेलं कमळ. सगळं एका ताटलीत, दानाचा तयार संच. याला 'बिनथाबात' म्हणतात. काकूंनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि म्हणाल्या, "पिंडपात."

भिक्षू अनवाणी आला, मागे पिशव्या सांभाळायला एक शाळकरी पोरगा. काकूंनी चपला काढल्या. स्त्रीनं भिक्षूला स्पर्श करायचा नसतो, हे मी आदल्या रात्री त्यांना बजावलं होतं. त्यांनी पात्रात एक-एक पिशवी ठेवली, हात पात्राच्या काठाला लागणार नाही इतक्या जपून. गुडघ्यांमुळे खाली बसता येईना, तर त्या बाईनं झटकन आपलं स्टूल पुढे सरकवलं. भिक्षू पालीत म्हणू लागला, काकूंचे ओठ हलायला लागले. तो तरुण भिक्षू एक क्षण थबकला आणि मग जरा सावकाश म्हणू लागला. बस एवढंच. तो गेल्यावर काकू बराच वेळ चपला घालायच्या विसरल्या.

आयुष्यभर मुंबई-पुण्यात गेल्यावर सुद्धा 'तुमची भाषा जरा वेगळी आहे' असं ऐकून घेतलेली बाई परदेशात आल्या आल्या, पहाटे सहाला, रस्त्यावरच्या माणसाबरोबर एका भाषेत बोलत होती. मी साताऱ्याचा, संस्कृत पन्नास मार्कांचं घेतलेलं. मला त्यातलं 'सागरं' तेवढं कळलं.

दुपारी एक प्रसंग. ऊन मी म्हणत होतं. मित्र मला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात शिरला आणि थेट बिअरच्या फ्रिजपाशी गेला. फ्रिजवर पडदा. पाटीवर लिहिलेलं: आज बौद्ध सण, विक्री बंद. वर्षातले असे पाच दिवस आहेत, आणि आम्ही नेमके लागोपाठचे दोन गाठले होते. तो वैतागून म्हणाला, "काय फालतूपणा आहे यार, टुरिस्ट लोकांनी काय करावं?" मागून खणखणीत आवाज आला, पंचशीलातलं दारू वर्ज्य करणारं शील: "सुरामेरयमज्ज पमादट्ठाना वेरमणी. पुढचं तू म्हण." काकू आमच्या मागोमाग कधी आल्या होत्या, कळलंच नाही. त्यानं शहाळं घेतलं.

संध्याकाळी वात पथुम वनाराम. हा विहार 1857 सालचा, राजा मोंगकुटनं बांधलेला, तेव्हा इथं शेतं आणि कमळांची तळी होती. आज एका अंगाला सियाम पॅरागॉन, दुसऱ्या अंगाला सेंट्रलवर्ल्ड, दोन्ही अवाढव्य मॉल, आणि समोर डोक्यावरून धावणारी स्कायट्रेन. त्या ट्रेनमध्ये म्हातारे, गरोदर बायका यांच्याबरोबर भिक्षूंसाठीही राखीव जागा असते. स्टेशनच्या जिन्यावरून खाली उतरलो तर विहाराच्या दारात पांढऱ्या कपड्यांची रांग, पार फुटपाथपर्यंत. ऑफिसमधून आलेल्या मुली, त्यांच्या गळ्यात अजून ओळखपत्रं. या दिवशी लोक पांढरे कपडे घालतात, काही जण आठ शीलं पाळतात. काकूंची साडी त्यात अशी मिसळून गेली की दोन वेळा आम्हांला त्या सापडेनात.

प्रत्येकाच्या हातात एक कमळ, तीन उदबत्त्या, एक मेणबत्ती. उपोसथगृहाला तीन प्रदक्षिणा. याला 'विएन थिएन' म्हणतात. आधी सामुदायिक वंदना झाली. कर्ण्यातून आवाज आला, "फुत्थं सरणं खच्छामि." काकूंनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, उच्चार पसंत नव्हता, पण पुढच्या ओळीपासून त्यांनी सूर धरला. 'बुद्धं' त्या स्वतःचंच म्हणत राहिल्या. शेजारची आजी त्यांच्याकडे टकमक बघत होती. दुसऱ्या फेरीला पाऊस आला. कुणी पळालं नाही. मेणबत्तीवर तळहाताचं छप्पर धरून सगळे चालत राहिले. काकूंची विझली. त्या आजीनं आपल्या ज्योतीवर ती पेटवून दिली.

याच अंगणात 19 मे 2010 रोजी, लाल शर्टवाल्यांचं सरकारविरोधी आंदोलन सैन्यानं मोडून काढलं तेव्हा, आसऱ्याला आलेल्या लोकांपैकी सहा जण गोळ्यांनी मेले. तेव्हाही विहार हीच सुरक्षित जागा मानली होती. फरशीवर आता काही दिसत नाही.

काकूंनी एक प्रश्न विचारला, तो मला सुचला नव्हता. "इथं भिक्खुणी कुठं दिसत नाहीत?" नाहीतच. 1928 च्या संघाच्या आदेशानं भिक्षूंना बायकांना दीक्षा द्यायला मनाई केली, ती मनाई अजून उठलेली नाही. धम्मानंदा नावाच्या विदुषीनं 2003 मध्ये श्रीलंकेतून उपसंपदा घेतली आणि त्या इथं आपला विहार चालवतात, पण अधिकृत यादीत त्यांना जागा नाही. काकू म्हणाल्या, "मंग बुद्धाच्या मावशीनं, महापजापतीनं, दीक्षेसाठी काहून एवढी पायपीट केली?" आम्ही दोघंही गप्प.

साडेआठच्या सुमारास बाहेर पडलो. सेंट्रलवर्ल्डच्या अंगणात गुलाबांचा ढीग. लाल गुलाब, लाल मेणबत्त्या, लाल उदबत्त्या. इथं त्रिमूर्तीचं स्थान आहे आणि तो प्रेम जुळवून देणारा देव समजला जातो. गुरुवारी रात्री साडेनऊला देव खाली उतरतो म्हणे. आपल्या ब्रह्मा-विष्णू-महेशांकडे हे खातं कधी आलं, कळायला मार्ग नाही. योगायोगानं गुरुवारच होता. रांगेत एक मुलगी दिसली, अर्ध्या तासापूर्वी विहारात आमच्या पुढे चालणारी, पांढऱ्या कपड्यांतली, केस अजून ओले. आता तिच्या हातात गुलाब होते.

मित्रानं तिला विचारलंच, "तू हिंदू की बुद्धिस्ट?" तिला प्रश्न ऐकू आला, पण समजला नाही. परत विचारल्यावर ती म्हणाली, "बुद्धिस्ट." मग हातातल्या गुलाबांकडे आमची नजर गेलेली बघून, अगदी सरळ चेहऱ्यानं: "बुद्ध बॉयफ्रेंड देत नाही."

मी या वाक्याचा रात्रभर विचार केला. आपण देव बदलतो म्हणजे घर बदलतो, जुन्या घराला कुलूप. इथं खाती वाटून दिलीत. मरण, पुण्य, आईबापांचं ऋण, दुःख हे बुद्धाकडे. नोकरी, कर्ज, परीक्षा, लॉटरी आणि बॉयफ्रेंड हे इंद्रापासून गणपतीपर्यंतच्या मंडळींकडे. एका खात्याचा अर्ज दुसऱ्या खिडकीवर दिला तर कारकून रागावतो, तशी ती मुलगी आमच्याकडे बघत होती.

दिवस तिसरा : शुक्रवार, 11 जुलै

आज इथल्या वर्षावासाचा पहिला दिवस, 'खाओ फान्सा'. सकाळी एका विहारात भिक्षूनं पाण्याचा सपकारा मारला आणि मनगटावर बांधायला पांढरा दोरा पुढे केला. काकूंनी हात जोडले आणि दोरा तिथंच राहू दिला. बाहेर येऊन म्हणाल्या, "गंडा-दोरा माह्या बापानं सोडला. मी विमानात बसून परत बांधायला येऊ काय?" भिक्षूला काही वाटलं नसावं, त्यानं तो मागच्या माणसाला दिला.

महाराष्ट्रातला बौद्ध आणि थायलंडमधला बौद्ध यांच्यात एवढं अंतर असेल, असं मला वाटलं नव्हतं. ता फ्रा चानच्या ताईत-बाजारात ते आणखी वाढलं. माणसं जवाहिऱ्याचं भिंग डोळ्याला लावून मातीच्या बोटभर बुद्धमूर्ती तपासतात. कोणत्या भिक्षूनं मंतरली, कोणत्या साली, यावर भाव. मित्रानं एक हातात घेतली, किंमत ऐकून परत ठेवली. मुंबईला परतल्यावर दोनच दिवसांनी बातमी आली: एका बाईला अटक, बऱ्याच वरिष्ठ भिक्षूंना तिनं संबंधांच्या व्हिडिओंवरून पैशाला लुबाडल्याचा आरोप, काहींनी चीवर उतरवलं. पहाटे अनवाणी आलेला तो तरुण भिक्षू माझ्या डोळ्यांसमोर आला. त्याला त्या दिवशी लोकांनी दान दिलं असेल का?

मग साओ चिंगचा, लाल सागवानी खांबांचा उंच झोपाळा. शिव पृथ्वीवर उतरतो त्या सोहळ्यात ब्राह्मण यावर झोके घेत. 1935 पासून ते बंद आहे. जवळच देवस्थान, 1784 मधलं, म्हणजे शहर राजधानी झाल्यावर दोनच वर्षांनी बांधलेलं: शिव, गणेश, विष्णू अशी तीन दालनं. इथले राजब्राह्मण पांढऱ्या वस्त्रात, केसांचा अंबाडा, मूळ तमिळ देशातून आलेल्यांचे वंशज. राजानं बौद्धच असलं पाहिजे असं राज्यघटना सांगते, पण 2019 मध्ये राज्याभिषेकाला हेच ब्राह्मण लागले. आणि राजाचं नाव? राम. आताचे दहावे.

"गागाभट्ट इथंही पोचले म्हणायचे," मी म्हटलं. साताऱ्याच्या माणसाला दुसरं काय सुचणार!

दर मे महिन्यात याच ब्राह्मणांच्या देखरेखीखाली राजवाड्यासमोरच्या मैदानात नांगरणी होते. बैलांपुढे भात, मका, मूग, तीळ, गवत, पाणी, दारू असं सात प्रकारचं मांडतात. बैल ज्याला तोंड लावेल त्यावरून पीकपाण्याचं भाकीत, आणि ते टीव्हीवर, कृषी खात्याच्या अधिकाऱ्यांसमोर. काकूंना हे अजिबात परकं वाटलं नाही. "आमच्याकडे भेंडवळला घटमांडणी करतात ना अक्षय तृतीयेला, तसंच. पेपरात छापून येते. मंग पाऊस त्याच्या मनानं पडते."

तिथून टॅक्सीनं एरावानला. राचप्रसोंग चौकात गाडी वळली आणि चालकानं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून नमस्कार केला. काकूंनी पुढच्या सीटची पाठ घट्ट पकडली.

चौकाच्या कोपऱ्यावर, मोठ्या हॉटेलच्या अंगणात, चार तोंडांचा सोनेरी ब्रह्मदेव. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं शोधावी लागतात, पुष्करचं नाव घेऊन आपण थांबतो. इथं चारी बाजूंनी माणसं, झेंडूच्या माळांचा खच, लाकडी हत्ती. सरकारनं इथं हॉटेल बांधायला काढलं तेव्हा अपघातांमागून अपघात झाले, मुहूर्त चुकला असं ज्योतिष्यानं सांगितलं, आणि उतारा म्हणून ब्रह्मदेव बसवला. 2006 मध्ये एका मनोरुग्णानं मूर्ती हातोड्यानं फोडली, जमावानं त्याला तिथंच ठार मारलं. 2015 च्या 17 ऑगस्टला इथं बॉम्ब फुटला, 20 माणसं गेली. दोन दिवसांत दर्शन परत सुरू.

मी स्थापनेची तारीख मोठ्यानं वाचली. 9 नोव्हेंबर 1956.

काकूंनी परत वाचायला लावली. मग बोटांवर मोजू लागल्या. "14 ऑक्टोबर ते 9 नोव्हेंबर." सव्वीस दिवस. त्या वेळी त्या पाच-सहा वर्षांच्या. "माह्या बापाच्या खांद्यावर होती मी. नुसती धूळ आणि पांढरे कपडे. एक चप्पल पडली, ती राहिली तिथंच. म्हणायचं काय ते कळत नव्हतं, सगळे म्हणत होते म्हणून म्हटलं." लाखो माणसांबरोबर त्या पोरीनं म्हटलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच होती ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची. आणि सव्वीस दिवसांनी एका बौद्ध देशानं भर चौकात ब्रह्मदेव मांडला.

काकू आत गेल्या नाहीत. वरच्या पादचारी पुलाच्या कठड्याला टेकून त्यांनी सगळं नीट बघितलं. नवस फेडणाऱ्याच्या नावानं तिथल्या नर्तकी नाचत होत्या, डोक्यावर सोनेरी मुकुट, एकीला जांभई आलेली. नाच काकूंना आवडला. "फिटला म्हणून नाच," त्या म्हणाल्या. "न फिटलेले किती असतील, त्यांचा हिशोब कोण ठेवते?"

दिवस चौथा : शनिवार, 12 जुलै

आजचा हट्ट माझा. छाछोएंगसाओ, बँकॉकच्या पूर्वेला साधारण 80 किलोमीटर, बांग पाकोंग नदीकाठी. तिथं 39 मीटर उंचीचा काशाचा उभा गणपती आहे, 2012 मध्ये पुरा झालेला, हातांत फणस, आंबा, ऊस, केळी. मोदकाचा आग्रह नाही. इथं त्याला 'फ्रा फिखनेत' म्हणतात, म्हणजे विघ्नेश. तो मुख्यतः कलावंतांचा देव; सरकारच्या ललित कला विभागाच्या बोधचिन्हावरही तोच.

पण गर्दी वात समानमध्ये. बुद्धविहाराच्या आवारात, नदीकाठी, एक अवाढव्य गुलाबी गणपती आरामात रेललेला. भोवती रंगीबेरंगी उंदीर, प्रत्येक वाराचा वेगळा रंग. ज्या वारी जन्मलात त्या रंगाच्या उंदराच्या एका कानात इच्छा सांगायची, आणि दुसरा कान हातानं बंद करायचा, म्हणजे सांगितलेलं पलीकडून निघून जाणार नाही. हे मला फारच पटलं. आपल्याकडे नंदीच्या कानात सांगतात, पण दुसऱ्या कानाची व्यवस्था कुणी बघत नाही. कदाचित तिथंच गळती होत असावी.

मी मंगळवारचा. गुलाबी उंदीर. काय मागितलं ते सांगत नाही.

काकू झाडाखालच्या बाकावर बसून भाकरी आणि ठेचा खात होत्या. ठेचा नागपूरहून आलेला, तीन डब्यांतला शेवटचा. मी शेजारी बसल्यावर म्हणाल्या, "ब्रह्मदेव झाला, राम झाला, आज गणपती. पहिल्या तिन्ही प्रतिज्ञा दाखवल्यास तू मला, बाबू. बाविसाव्यापर्यंत नेतोस काय?" मला हसावं की ओशाळावं कळेना. त्यांनी भाकरीचा तुकडा पुढे केला. "राग नाही आला. यांनी सोडलं नाही, कारण यांना त्या देवानं विहिरीवरून हाकललं नव्हतं. आमचं वेगळं."

त्यानंतर त्या विषयावर मी काही बोललो नाही.

रात्री हॉटेलच्या टीव्हीवर कंबोडियाच्या सीमेचा नकाशा परत परत दाखवत होते. आम्ही घरी येऊन अकरा दिवस झाले आणि 24 जुलैला तिथं तोफा धडाडल्या. ठिणगीची जागा ता मुएन थोम, हजारभर वर्षांपूर्वीच्या ख्मेर काळातलं शंकराचं देऊळ, आत स्वयंभू लिंग. त्याआधी प्रेह विहेअरवरून दशकानुदशकं वाद. तेही शिवमंदिर, 1962 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं कंबोडियाला दिलेलं. दोन्ही देश बौद्ध. दोन्हीकडच्या शिपायांच्या गळ्यात ताईत.

दिवस पाचवा : रविवार, 13 जुलै

काउंटरवर नवीन पोरगी. तो 'नाग' आता चीवरात असेल.

सुवर्णभूमी विमानतळावर पासपोर्टचं काम उरकून आत गेलं की समोरच समुद्रमंथन. भलंमोठं शिल्प, मध्ये मंदार पर्वत, वर विष्णू, खाली कूर्म, आणि वासुकीचा दोर करून दोन्हीकडे रांगा. लोक ट्रॉली बाजूला लावून फोटो काढत होते. काकूंनी मला गोष्ट सांगायला लावली. मी सांगितली, हलाहल, अमृत, मोहिनी.

"तोंडाकडून कोण ओढते?"

"असुर."

"म्हणजे विषाचे फुत्कार यांच्याच तोंडावर. आणि अमृत?"

"देवांना."

काकूंनी पदर सारखा केला, पिशवी दुसऱ्या हातात घेतली. तिच्यात विएन थिएनच्या मेणबत्तीचं उरलेलं टोक होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मग त्या असुरांच्या रांगेपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "काढ इथून."

मित्रानं चार फोटो काढले. एकातही त्या हसलेल्या नाहीत. चौथ्यात एका हिरव्या असुराचं कोपर बरोबर त्यांच्या डोक्यावर आलंय.